तळाला न टेकलेलं पेडल

काच उभी नेतात. आडवी ठेवली तर स्वतःच्याच वजनानं तडकते. म्हणून ट्रकच्या हौद्यात लाकडाची तिरकी घोडी ठोकलेली असते. काचेची मोठमोठी पानं त्या घोडीला टेकवायची, पानापानांत कागद घालायचा, बुडाला रबर, आणि वरून पट्ट्यांनी आवळायचं. इतकं सगळं करूनही काच धड पोचते ती ड्रायव्हरच्या डाव्या पायामुळे. क्लच झटक्यानं सुटला की अख्खी गाडी उचकी देते, आणि उचकी काचेला मानवत नाही.

गोदामात ज्याच्या डाव्या पायावर सगळ्यांचा भरवसा होता, त्याला लोणी म्हणत. खरं नाव लोक विसरले होते, आणि तोही याच नावाला मान वळवायचा. नाव ठेवलं थोरल्या मालकांनी. एकदा ते त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसले, बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा डोळे चोळत म्हणाले, "चला, निघायचं का?" गाडी तेव्हा गिऱ्हाइकाच्या दारात उभी होती, अर्धा माल उतरलासुद्धा होता. मालक हसत सुटले. "अरे, तू क्लच सोडतोस की लोणी लावतोस?" झालं. नाव चिकटलं ते चिकटलंच.

नाव चिकटलं तसा माजही चढला. यार्डात दुसऱ्या कुणाची गाडी जरा हिसका देऊन निघाली की हा केबिनमधून ओरडायचा, "अरे, गाडी चालवतोयस की म्हैस उधळलीय?" त्याच्या सीटवर कुणी बसायचं नाही. सीटवर बायकोनं शिवलेलं जाड रेक्झिनचं कव्हर होतं, त्याला बोट लावलेलं चालत नसे. कंपनीनं नव्या गाड्या घेतल्या, त्यांचे क्लच अगदी हलके. ह्याला विचारलं तर म्हणाला, "त्या गाड्या चालवायला पाय कशाला पाहिजे? फुंकर मारली तरी चालतील." आणि तो जुन्या ट्रकवरच राहिला.

जुन्या ट्रकचा क्लच तेलावरचा. पेडल दाबलं की वरच्या सिलिंडरमधलं तेल नळीतून खाली ढकललं जातं, खालच्या सिलिंडरमधून एक रॉड बाहेर येतो, तो क्लचच्या काट्याला रेटतो आणि इंजिन-गिअरची पकड सुटते. तारेचा क्लच असला तर तार तुटल्यावर आंधळ्यालाही कळतं. तेलाच्या क्लचचं दुखणं आतल्या आत. कुठं हवा शिरते, कुठं रबर झिजतं, बाहेरून गाडी धडधाकट.

हे दुखणं बघायला लोणीचा मेव्हणा होता. बायकोचा पाठचा भाऊ. यार्डाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं मिस्त्रीपण चालायचं. त्याला तिथं चिकटवलं होतं लोणीनंच, थोरल्या मालकांकडे शब्द टाकून, आणि ही गोष्ट लोणीनं त्याला कधी विसरू दिली नाही.

"काय मिस्त्री, हातात पाना कुणी दिला?"

"तुम्ही दिलात, दाजी."

"मग जरा जोरात फिरव की. पाहुण्याच्या घरी आल्यासारखा काय फिरवतोस?"

हमाल हसायचे. मेव्हणाही हसायचा. बहिणीचा नवरा म्हणजे कायम एक पायरी वर, हे तो लहानपणापासून मनाशी बांधून बसला होता. दाजींना उलट बोललेला तो कुणी पाहिला नाही.

लोणीचा गुडघा कधी दुखायला लागला ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. आयुष्यभर एकाच पायानं एकच पेडल दाबलं, त्याचा जाब गुडघा मागणारच. पण लोणी म्हणायचा, क्लच जड झालाय. घर वरच्या मजल्यावर होतं. जिना चढताना तो मध्येच थांबायचा, कठड्याला धरून खालच्या बोळाकडे काहीतरी बघितल्यासारखं करायचा. बायको वरून बघायची. ती दिवसभर शिलाई मशीनवर बसून गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. मशीनचा आवाज थांबला की लोणीला कळायचं, आता काहीतरी ऐकावं लागणार.

"काय हो, आपल्या जिन्याचापण क्लच जड झाला का?"

"तू तुझी सुई बघ."

"सुई बघतेच आहे. दोन पायांनी मशीन चालवते मी, तुमच्यासारखी एकानं नाही. डॉक्टरला दाखवा म्हटलं तर अंगावर येता."

"डॉक्टर काय सांगणार? आराम करा. आराम केल्यावर सीटवर कोण बसणार, डॉक्टर?"

ती पुन्हा मशीन चालू करायची. आता नवऱ्याचं उत्तर त्या आवाजात ऐकू येत नसे, आणि बहुतेक त्यासाठीच ती चालू करत असे.

मग काच तडकायला लागली. आधी एका पानाचा कोपरा गेला, त्याचा ठपका हमालांच्या माथी आला. पुढं एका घोडीवरची अख्खी काच फुटली. हमालांचा मुकादम मोठा तोंडाळ माणूस, लोणीच्या बरोबरीचा. केबिनमध्ये शेजारी तोच बसायचा.

"लोणी, आज लोण्यात खडा लागला."

"क्लच पूर्ण सुटत नाही. गिअर टाकताना खरखर ऐकली नाहीस?"

"खरखर ऐकली. पण आपलं कसंय, मला गाडीतलं कळत नाही. काचेतलं कळतं. काच म्हणते झटका बसला."

थोरले मालक जाऊन बरेच दिवस झाले होते. आता धाकटे मालक बसायचे. हे बसायचे ते ऑफिस काचेचं, आतून सगळं यार्ड दिसायचं. त्यांनी लोणीला आत बोलावलं, खुर्ची दिली. लोणीनं खुर्ची घेतली, कारण उभं राहवत नव्हतं.

"काका, तो ट्रक आता काढावा म्हणतो. तुम्हीही दमलात. गेटवर बसा, निवांत. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघा."

"गेटवर?" लोणी म्हणाला. "गेटवर कुत्रं बसतं, मालक."

धाकट्या मालकांना राग आला नाही, तेच जास्त लागलं. ते म्हणाले, "काका, बाबांचा माणूस म्हणून ऐकून घेतोय. दोष गाडीचा असेल तर दुरुस्त करून घ्या. पण आणखी एक खेप फुटली की गाडी भंगारात. आणि नव्या गाड्यांवर माणसं भरलेली आहेत, तिथं तुम्हाला बसवता येणार नाही."

लोणी बाहेर आला तो थेट शेडमध्ये. "खोल," मेव्हण्याला म्हणाला. "वरपासून खालपर्यंत सगळं खोल. ह्यात दोष निघालाच पाहिजे."

आणि दोष निघाला. खालच्या सिलिंडरचं रबरी टोपण ओलं होतं. मेव्हण्यानं सिलिंडर उतरवला, आत बोट फिरवून ओरखडे बघितले, झिजलेलं रबर काढून लोणीच्या तळहातावर ठेवलं. लोणीनं ते रबर मुठीत धरून सगळ्या यार्डात मिरवलं. मुकादमाच्या नाकासमोर नाचवलं. "हे बघ. हा तुझा खडा. आता बोल." नवी रबरं पडली, नवं तेल पडलं, हवा काढली, आणि गाडी पुन्हा लोण्यासारखी निघाली. त्या दिवशी जिन्यात तो थांबला नाही. वर जाऊन बायकोला म्हणाला, "बघ. क्लचच होता." बायको म्हणाली, "बरं झालं बाई." तिलाही ते खरं असावं असंच वाटत होतं.

ते सुख टिकलं नाही. थोड्याच खेपांनंतर गिअर पुन्हा अडायला लागला, गाडी पुन्हा उचक्या द्यायला लागली. आता लोणीच्या तोंडाचा पट्टा मेव्हण्यावर सुटला.

"रबरांची किट खोटी टाकलीस."

"दाजी, किट खरी आहे. तुमच्यासमोर फोडली."

"मग हवा राहिली. घाईघाईत काढलीस, बायकोनं घरी बोलावलं असेल."

मेव्हण्यानं मान खाली घालून सुट्टीच्या दिवशी गाडी शेडमध्ये घेतली. तेलाच्या डबीतली पातळी बघितली, जराही उतरली नव्हती. वरचा सिलिंडर कोरडा. नळीवर कुठं ओल नाही. रबरी नळी कुठं फुगलीय का ते मुठीत धरून बघितलं, फुगली नव्हती. राहिली हवा. हवा काढायला माणसं दोन लागतात. एक वर बसून पेडल मारणार, दुसरा खाली झोपून सिलिंडरचं निपल सैल करणार आणि तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडू देणार. सुट्टी असल्यामुळे यार्डात लोणीखेरीज कुणी नव्हतं, आणि दाजींना 'मार, धर' म्हणायला मेव्हण्याची जीभ रेटेना. इतक्यात लोणीची बायको दोघांचा डबा घेऊन आली.

"ताई, चप्पल काढ आणि चढ वर," मेव्हणा गाडीखालून म्हणाला. "मशीन चालवून तुझा पाय चांगला तयार आहे."

"माझ्या सीटवर?" लोणी म्हणाला.

"कव्हर कुणी शिवलंय त्या सीटचं?" बायको म्हणाली आणि पदर खोचून वर चढली.

लोणी बाजूला उभा राहिला. खालून मेव्हण्याच्या हाका सुरू झाल्या. "मार... मार... मार... धर!" वरून उत्तर, "धरला!" मग किल्लीचा आवाज, नळीतून बाटलीत पडणारं तेल. "सोड!" पुन्हा तेच. बाटलीत एकही बुडबुडा दिसला नाही. मेव्हण्यानं शेवटी रॉडवर खडूनं रेघ मारली, खालच्या सिलिंडरमधून तो किती बाहेर येतो ते बघायला.

"दाब, ताई. तळाला टेकव."

"टेकवलं."

रॉड पूर्ण बाहेर आला, रेघ काट्यापाशी जाऊन थांबली. मेव्हणा खूश झाला. गाडीत काही नव्हतं. म्हणून तो सहज म्हणाला, "दाजी, आता तुम्ही दाबा बघू."

बायको उतरली, लोणी चढला. चढताना त्यानं दाराच्या दांडीला लोंबकळून स्वतःला वर ओढलं.

"दाबा."

"दाबला."

रेघ बोटभर अलीकडे थांबली.

"पूर्ण दाबा, दाजी."

"पूर्णच आहे."

खाली मेव्हणा रेघेकडे बघत पडून राहिला. त्याच्या तोंडावर गाडीचं सगळं पोट होतं, आणि त्या पोटातला एवढासा रॉड त्याला जे सांगत होता ते दुसऱ्या कुणालाही दिसत नव्हतं. त्यानं मान वळवली. चाकाच्या पलीकडे बहिणीचे पाय होते, अनवाणी, बोटं आत वळलेली. तिला वर केबिनमधला नवऱ्याचा चेहरा दिसत होता. तिला रॉड बघायची गरज नव्हती.

त्या क्षणी मेव्हण्यानं बोलायला हवं होतं. दाजी, क्लच चांगला आहे, तुमचा पाय तळाला जात नाही. एवढंच. पण ज्या माणसानं हातात पाना दिला, ज्याच्यासमोर आयुष्यभर मान वर केली नाही, त्याला गाडीखाली पडून हे सांगायला जीभ कुठून आणायची? तो बाहेर आला, चिंधीला हात पुसत म्हणाला, "जरा सेटिंग बदलतो, दाजी. मग नीट सुटेल."

पेडलच्या सुरुवातीला बोटभर मोकळी चाल असते, पायाला काहीच लागत नाही अशी. तिला प्ले म्हणतात. बघणाऱ्याला ती वाया गेलेली वाटते. मेव्हण्यानं पेडलखाली शिरून ती सगळी चाल आवळून काढून टाकली. आता पायाचा नुसता स्पर्श झाला की क्लच काम करायला लागायचा, आणि लोणीचा पाय जिथं थांबायचा तिथंच गिअर सुटायचा. दाजींच्या गुडघ्याला जितकं कमी पडत होतं, तितकं त्यानं गाडीकडून काढून घेतलं.

हे करू नये, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. वरच्या सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. पाय उचलला की दट्ट्या मागं सरतो, भोक उघडं पडतं आणि तेल परत डबीत जातं. प्लेच नसेल तर दट्ट्या भोकावर बसून राहतो. गार गाडीत काही जाणवत नाही. गाडी तापली आणि तेल फुगलं की त्याला परत जायला वाट नसते. मग ते आपलं आपणच क्लच दाबत बसतं, पेडलवर कुणाचा पाय नसतानाही. ह्याच चुकीसाठी शिकत असताना उस्तादानं त्याच्या कानाखाली वाजवली होती.

तो एवढंच म्हणाला, "दाजी, जुनं मशीन आहे. चढाला गाडीला दम खाऊ द्या, तापू देऊ नका."

"मला गाडी शिकवतोस?" लोणी म्हणाला. त्यानं पेडल दाबून बघितलं. हलकं लागलं. गिअर गपकन पडला. त्याचा चेहरा असा उजळला की बायकोनं दुसरीकडे बघितलं. डबा उघडून तिनं दोघांना वाढलं. भावाच्या ताटात जरा जास्त पडलं.

त्यानंतरची खेप नव्या इमारतीची होती. माणसापेक्षा उंच, जाड काचा, वजनानं गाडीच्या स्प्रिंगचे पाटे दबलेले. ऊन चढलेलं. उड्डाणपुलाच्या चढावर गाड्यांची रांग लागली होती. चार हात पुढं जायचं, थांबायचं, पुन्हा चार हात. प्रत्येक थांब्याला तेल तापत होतं. चढाच्या मध्यावर इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र जागच्या जागी गोगलगाईसारखी. केबिनमध्ये जळका वास भरला.

"काहीतरी जळतंय," मुकादम म्हणाला.

"तुझी जीभ जळतेय. गप बस."

पण लोणीला कळलं होतं. पाय पेडलवर नव्हता, आणि तरी क्लचची पकड सुटत होती. त्यानं मेव्हण्याला फोन लावला. ऐकून घेताच मेव्हणा घाईघाईनं सांगायला लागला.

"दाजी, गाडी तिथंच थांबवा. चाकांना दगड लावा. खाली शिरा, खालच्या सिलिंडरचं निपल जरासं सैल करा, चमचाभर तेल जाऊ द्या, लगेच आवळा. क्लच धरेल."

"खाली शिरू?"

"मग मुकादमाला द्या फोन, मी सांगतो त्यांना."

लोणीनं मुकादमाकडे बघितलं. मुकादम त्याच्याकडेच बघत होता. गाडीखाली शिरायचं म्हणजे आधी गुडघा मोडायचा, आणि त्याचा गुडघा मोडत नव्हता. मुकादमाला खाली घालायचं म्हणजे तो विचारणार, तू का नाही शिरत? मागून भोंगे सुरू झाले होते.

"काही गरज नाही," लोणी फोनमध्ये म्हणाला आणि फोन ठेवला.

"काय म्हणतो मिस्त्री?"

"म्हणतो, चालू दे."

त्यानं पुन्हा रेस दिली. गाडी थरथरली, पुढं जायचं नाव नाही, आणि मग हळूच मागं सरकायला लागली. मागच्या गाडीवाल्याची बोंब ऐकून लोणीनं ब्रेकवर सगळं वजन टाकलं. हौद्यात आधी एकच टिचकी वाजली, नखानं पेल्यावर मारावी तशी. मग घोडीच्या पट्ट्या सैल पडल्याचा आवाज. मग सगळं. काच रस्त्यावर बराच वेळ पडत राहिली. कुणाला लागलं नाही. मुकादम खाली उतरला आणि मागच्या गाड्यांना हातानं थांबवायला लागला.

गाडी ओढून आणली. धाकट्या मालकांनी ह्या वेळी बाहेरचा मिस्त्री बोलावला, मोठ्या वर्कशॉपमधला, गळ्यात टॉर्च अडकवलेला. त्यानं पेडलला हात लावला आणि तो जागीच थांबला.

"ह्याला प्लेच नाही. कुठल्या शहाण्यानं केलंय हे?"

शेडच्या दारात सगळे जमले होते. मेव्हणा पुढं आला. तो बाहेरच्या मिस्त्रीकडे बघत नव्हता, मालकांकडेही नाही. दाजींकडे बघत होता. धाकटे मालक म्हणाले, "काका, हे कुणी केलं? का केलं?"

ते 'का' सगळ्यांसमोर पडून होतं. लोणीनं फक्त वाकून उचलायचं होतं. माझ्या पायासाठी केलं त्यानं, एवढं म्हटलं असतं तर मेव्हणा सुटला असता. पण मग गेट होतं. गेटवरचं स्टूल लोणीच्या डोळ्यांसमोर आलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांची तोंडं.

"मी ड्रायव्हर आहे, मालक," तो म्हणाला. "पेडलखाली मी हात घालत नाही. ते मिस्त्रीचं काम."

ह्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

मेव्हण्यानं नजर दाजींवरून मालकांकडे वळवली. मग म्हणाला, "माझी चूक झाली. सेटिंग चुकलं."

"इतकी वर्षं काम करून सेटिंग चुकतं?" बाहेरचा मिस्त्री हसला.

"चुकतं," मेव्हणा म्हणाला. त्यानं आत जाऊन आपले पाने एका गोणीत भरले. गोणी खांद्यावर टाकून तो लोणीच्या अंगावरून गेला तेव्हा लोणी म्हणाला, "बघतो मी, बोलतो मालकांशी." मेव्हणा म्हणाला, "नको, दाजी." तेही अदबीनंच.

घरी मशीन बंद होतं. बायकोला भावाकडून काही कळलं नव्हतं, मुकादमाच्या बायकोकडून कळलं होतं.

"त्यानं तुमच्यासाठी केलं," ती म्हणाली.

"मी सांगितलं होतं त्याला करायला?"

"नाही. तुम्हाला सांगावं लागत नाही कुणाला. सगळे न सांगता करतात. मी न सांगता डोळे मिटते, तो न सांगता नट आवळतो. आणि वेळ आली की तुम्ही मात्र पेडलखाली हात घालत नाही."

"अगं, गेटवर बसू मी? ह्या वयात?"

"बसला असता तर काय झालं असतं? स्टुलावर बसला असता. आता माझा भाऊ कुठं बसलाय, माहीत आहे? घरात. भिंतीकडे तोंड करून."

लोणीनं भात चिवडला. मग उठून खिडकीपाशी गेला. त्याला एक गोष्ट विचारायची होती आणि ती कशी विचारावी ते सुचत नव्हतं. गाडी वाचली होती. दोष मिस्त्रीचा ठरल्यामुळे मालकांनी नवी क्लच प्लेट टाकायची परवानगी दिली होती, सिलिंडर दोन्ही नवे. सीट त्याचीच राहिली होती. उद्या बाहेरचा मिस्त्री सगळं जोडून हवा काढणार होता. आणि हवा काढायला माणसं दोन लागतात.

"ऐकतेस का," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "उद्या डबा घेऊन येशील यार्डात?"

 तिला पहिल्या शब्दालाच कळलं होतं तो काय मागतोय ते.

"डबा रोज तुम्हीच नेता," ती म्हणाली.

"उद्याच्या दिवस आण. जरा वर बसशील. तुझा पाय..."

"माझा पाय माझ्या भावाच्या हाकेला होता," ती म्हणाली. "मार म्हटलं की मारत होता. परक्याच्या हाकेला तो उठायचा नाही." आणि तिनं मशीन चालू केलं. समोर शिवायला कापड नव्हतं. सुई नुसतीच खालीवर होत राहिली.

सकाळी लोणी वेळेवर पोचला. दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता. यार्डात गाडी नव्या क्लचसह उभी होती. बाहेरचा मिस्त्री आडवा होऊन खाली सरकला, नुसते बूट बाहेर. मुकादम आणि चार हमाल घोडी दुरुस्त करत होते. धाकटे मालक फोनवर बोलत बोलत ऑफिसातून बाहेर आले आणि गाडीजवळ उभे राहिले.

"कोणीतरी वर बसा रे," खालून आवाज आला.

"काका आहेत ना," मालक म्हणाले.

लोणी दांडीला धरून चढला. सीटचं कव्हर झटकलं. उजवा हात गुडघ्यावर ठेवला, कुणाला दिसणार नाही असा.

"मारा. मारा. मारा. धरा!"

"धरला."

खाली किल्ली वाजली. मग थांबली.

"अहो, धरा म्हटलं. तळाला टेकवा."

"टेकवलाय."

"कुठं टेकवलाय? रॉड अर्ध्यातच आहे. दाबा जोरात!"

लोणीनं दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले आणि वरून सगळं अंग त्यावर टाकलं. कपाळावरचा घाम डोळ्यात गेला. हातोड्यांचा आवाज थांबला होता. घोडीपाशी कुणी खिळा मारत नव्हतं.

"अहो, कोण बसलंय वर?" गाडीखालून मिस्त्री ओरडला. त्याचं कुणाशी नातं नव्हतं, त्याला कुणी पाना दिलेला नव्हता. "जरा पाय असलेला माणूस बसवा!"

 मग मुकादमानं हातोडा खाली ठेवला. पलीकडच्या दारानं तो केबिनमध्ये चढला, लोणीकडे न बघता त्याच्या पायापलीकडून आपला झिजलेल्या चपलेतला पाय आत घातला आणि पेडल दाबलं. ते सरळ तळाला जाऊन टेकलं.

"हां! आत्ता कसं!" खालचा आवाज खुलला. "आधी कोण होतं?"

धाकट्या मालकांनी फोन खिशात ठेवला आणि केबिनचं दार उघडलं.

"उतरा, काका," ते म्हणाले, आणि उतरायला हात पुढं केला.